भंगार विकताना घर आणि लेकरं जपा

पावसाळ्याच्या तोंडावर घर झाडले की कोपऱ्यातून बरेच काही निघते. सडलेले टिनपत्रे, तुटलेला कूलर, फवारणी पंपाची जुनी बॅटरी, जळालेल्या मोटरची तार, जर्मनची चेपलेली भांडी. नवेगाव बांधसारख्या गावात तलावावर फिरायला येणाऱ्यांनी टाकलेले डबेही गोळा होतात. शेतीचे काम हाताला नसते त्या दिवसांत हेच भंगार तेल-मिठाचा खर्च भागवते. काही घरांचा तर वर्षभराचा धंदाच हा आहे. हा कष्टाचा धंदा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

पण कबाड्याकडे माल नेण्याआधी अंगणात जे केले जाते, त्याने आजार घरात येतो. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तार जाळली जाते, बॅटरी फोडली जाते, बंद डबा ठोकून चपटा केला जातो. याच कामांत धोका आहे आणि बहुतेक वेळा जास्तीचे पैसेही त्यात मिळत नाहीत. चांगला भाव मिळतो तो माल नीट निवडल्याने. म्हणून माल कसा निवडावा, काय मुळीच उघडू नये आणि घरातल्या माणसांना कसे जपावे, हे या लेखात क्रमाने पाहू.

भाव कशावर ठरतो?

लोखंडाचा किलोचा भाव दहा-वीसच्या हिशेबात असतो, तांब्याचा शेकड्यांत. पितळ आणि जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम या दोन्हींच्या मधे बसतात. भाव रोज वरखाली होतो, पण हा क्रम सहसा बदलत नाही. सगळे एकाच पोत्यात भरून नेले, तर कबाडी त्या पोत्याला सर्वांत हलक्या मालाचा भाव लावतो. पोत्यातले दोन किलो पितळ लोखंडाच्या भावात जाते आणि नुकसान आपले होते. म्हणून निवडणे हेच या धंद्यातले खरे काम आहे, आणि त्याला आग लागत नाही की तेजाब लागत नाही.

निवडण्यासाठी एक चुंबक पुरे. जुन्या स्पीकरमधून तो फुकट मिळतो. चुंबकाला घट्ट चिकटले ते लोखंड किंवा पोलाद. त्यातही पत्रा वेगळा, सळाखी-पाइपासारखा जड माल वेगळा आणि बिडाचा माल वेगळा ठेवावा. बिडाचे लोखंड म्हणजे ओतीव लोखंड, जुन्या हातपंपाचे भाग असतात तसे. ते हातोडीच्या घावाने वाकत नाही, तुटते.

चुंबकाला चिकटले नाही, तर कानशीने थोडे घासून आतला रंग पाहावा. लालसर निघाले तर तांबे, पिवळे निघाले तर पितळ. पांढरे आणि हाताला हलके लागले तर अॅल्युमिनियम. पांढरे पण जड आणि कडक असेल तर बहुधा स्टेनलेस स्टील, कारण भांड्यांचे चांगले स्टील चुंबकाला फारसे चिकटत नाही. करड्या रंगाचे, नखाने ओरखडा पडेल इतके मऊ आणि आकाराच्या मानाने फारच जड असेल तर ते शिसे. शिसे ओळखता आले पाहिजे ते मुख्यतः त्यापासून दूर राहण्यासाठी.

घासून पाहणे मोटरच्या तारेसाठी फार उपयोगाचे आहे. पंख्याच्या आणि पंपाच्या काही मोटरींत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार असते. तिच्यावरच्या लेपामुळे ती तांब्यासारखीच दिसते. ब्लेडने जरा खरवडले की आतून पांढरी निघते. विकणाऱ्याने आधीच पाहिले असेल तर मापाच्या वेळी वाद होत नाही.

आपल्या शेजारचे भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. आपल्या जुन्या घरांत अजून पितळी गुंड, लोटे, गंज सापडतात. पितळेच्या नळाला किंवा स्टोव्हच्या टाकीला लोखंडी स्क्रू, रबर, शिशाचा डाग असे काही लागलेले असते. ते पान्या-पक्कडीने काढून मगच तोलावे. चोख मालाला चोख भाव मिळतो. भांडे चांगले असेल तर मोडीत घालण्याआधी वापरायला कोणी घेते का तेही विचारावे. मोडीपेक्षा जास्त मिळू शकते.

घरून निघताना प्रत्येक मालाचे वजन साध्या ताणकाट्यावर करून कागदावर लिहून न्यावे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीने ते लिहून दिले तरी चालेल. दुकानातल्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असायला हवा. तो पाहण्याचा आणि विचारण्याचा अधिकार प्रत्येक विकणाऱ्याला आहे.

तार जाळू नका, सोला

तांब्याची तार जाळण्याची पद्धत सगळीकडे दिसते. वरचे प्लास्टिक जळून जाते आणि तांबे मोकळे होते. पण हे प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असते आणि पीव्हीसीमध्ये निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचे असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो डोळ्यांना झोंबतो, घशात आग होते, छाती भरून येते. दमा असलेल्या माणसाला तेवढ्यानेच झटका येऊ शकतो. त्याच धुरात डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. तांब्याच्या सान्निध्यात ती जास्त बनतात, म्हणून तारेचा धूर साध्या कचऱ्याच्या धुरापेक्षा वाईट. ही विषे शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांच्यापासून कॅन्सरचा धोका असतो. जुन्या तारांच्या प्लास्टिकमध्ये शिसेही मिसळलेले असते. ते राखेत उतरते आणि ज्या अंगणात मूल रांगते तिथेच ती राख पडते. अंगणात कोंबड्या चरत असतील तर अंड्यांतूनही विष घरात येऊ शकते.

एवढे करून हिशेब काय? जळालेले तांबे काळे आणि ठिसूळ होते. कबाडी त्याला कमी भाव देतो. सोललेली, लाल चमकणारी तार चढ्या भावात जाते. म्हणजे फुप्फुसेही गेली आणि पैसाही गेला. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली असून साध्या जाळण्यालाही ५००० रुपये दंड ठरवला आहे.

सोलण्याची सोपी रीत अशी. जाड तार तासभर कडक उन्हात ठेवावी. आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिक चांगले मऊ होते. एका लाकडी पाटीवर दोन खिळे जवळजवळ ठोकून त्यांच्यात तार अडकवावी. लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर द्यावी आणि साल ओढून काढावी. ब्लेड नेहमी अंगापासून दूर चालवावे. दुसऱ्या हातात जाड मोजा असावा. मोबाइल चार्जरची किंवा टीव्हीची बारीक तार सोलत बसू नये. तिच्यात तांबे थोडेच असते आणि वेळ फार जातो. ती न सोलता "वायर" म्हणून वेगळी विकावी. सोललेले प्लास्टिक चुलीत घालू नये. सरपण ओले असले तरी पेटवण म्हणून ते वापरू नये.

बॅटरी उघडायचीच नाही

फवारणी पंप, मोटरसायकल, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, ई-रिक्षा यांत बहुधा शिशाची बॅटरी असते. तिच्या वजनापैकी निम्म्याहून जास्त वजन शिशाचे असते आणि आत गंधकाचे तेजाब असते. काही जण तेजाब नालीत ओततात, खोके फोडून शिशाच्या पट्ट्या काढतात आणि चुलीवर वितळवून लगदी करतात. शिसे ३२७ अंशांवर वितळते. घरच्या चुलीवर ते सहज होते, म्हणूनच हा धोका घरापर्यंत आला आहे. मासेमारीच्या जाळ्याला गोळ्या करण्यासाठी कोणी शिसे वितळवत असेल, तर त्यालाही हेच लागू आहे. ज्या भांड्यात शिसे वितळवले, ते पुन्हा स्वयंपाकात कधीच वापरू नये.

बॅटरी अख्खीच विकावी. नवी घेताना दुकानदार जुनीची किंमत वजा करतो. ते नको असेल तर अख्खी तोलून घेणाऱ्या कबाड्याला द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरीतले धातू काढण्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या कारखान्यांनीच करायचे आहे. बॅटरी उभी ठेवावी, तडा गेलेली असेल तर प्लास्टिकच्या टोपल्यात ठेवावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तेजाब नालीत ओतले की ते विहिरीत, शेतात आणि शेवटी बांधाच्या पाण्यात उतरते. ज्या पाण्यावर गावाचे धान आणि मासे अवलंबून आहेत, ते खराब करण्याइतकी कोणतीच बॅटरी महाग नाही.

तेजाब अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे. भिजलेला कपडा काढून टाकावा. हळद, चुना, तेल काही लावू नये. डोळ्यात गेले असेल तर धुऊन ताबडतोब दवाखान्यात न्यावे, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा.

मोबाइलची बॅटरी वेगळी. ती लिथियमची असते. तिला टोचले, चेपले किंवा आगीत टाकले तर ती भडका घेते. फुगलेली बॅटरी खिशात किंवा भंगाराच्या पोत्यात ठेवू नये.

शिसे शरीरात काय करते?

शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाच्या पोटात तेवढेच शिसे गेले तर जितके अंगात भिनते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात भिनते. मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते, आणि त्याचा मेंदू वाढत असतो. शिसे त्या वाढीत अडथळा आणते. मूल चिडचिडे होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. आपण त्याला मठ्ठ म्हणतो आणि शिक्षक मागच्या बाकावर बसवतात. कारण मात्र अंगणातल्या धुळीत असू शकते. हे नुकसान बहुधा भरून निघत नाही. पोटापुरते कमावून मुलांना शिकवायचे, हे आपल्या घराघरातले स्वप्न आहे. शिसे त्या स्वप्नावरच घाव घालते.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे. त्याचे एक मोठे कारण बॅटऱ्यांची उघड्यावरची मोडतोड हे सांगितले आहे. आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक बॅटऱ्या फोडत आणि मातीतून शिसे चाळून विकत. तिथे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ लहान मुले दगावली. ती वस्ती आपल्यासारखीच हातावर पोट असलेल्यांची होती.

मोठ्यांना शिशामुळे पोटात कळा येतात, शौचास होत नाही, सांधे दुखतात, रक्तदाब वाढतो, रक्त कमी होते. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणात ते हाडांतून सुटून बाळापर्यंत जाते. म्हणून गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने बॅटरीच्या, तार जाळण्याच्या कामाजवळ फिरकूही नये.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी दोन गोष्टी खास सांगायला हव्यात.

पहिली सिकलसेलची. आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल बराच आढळतो. त्यातही रक्त कमी होते आणि पोट दुखते. शिशानेही तेच होते. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात शिसे असेल तर ते लक्षातच येत नाही, "हा तर जुनाच आजार" असे वाटते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "आमच्याकडे भंगाराचे काम आहे, बॅटरी फोडली जाते." हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलते. रक्तातले शिसे नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी असते, ती कुठे होईल हे डॉक्टरांना विचारावे.

दुसरी खर्ऱ्याची. भंगाराचे काम करता करता त्याच हाताने खर्रा घोटायचा आणि तोंडात टाकायचा, ही सवय पुष्कळांना आहे. शिशाची धूळ पोटात जाण्याचा याहून सरळ रस्ता नाही. विडीचेही तसेच. खर्रा सुटला तर उत्तमच, कारण तोंडाच्या कॅन्सरचे मूळ तिथेच आहे. सुटेपर्यंत निदान काम करताना तो जवळ ठेवू नये आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावू नये.

अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. रिकाम्या पोटी तर आणखी जास्त. म्हणून सकाळी काही खाऊनच कामाला लागावे. पालेभाज्या, डाळ, अंडी, तीळ, लिंबू आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी ताटात असू द्यावी. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. शिसे उतरवण्याचे घरगुती औषध नाही. पहिला उपाय म्हणजे शिशाचे काम घराजवळून बंद करणे.

जे ओळखता येत नाही, त्याला हात लावू नका

बंद डबा, सिलिंडर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, तेलाचा पिंप ठोकू नये आणि गॅस कटरखाली देऊ नये. आतला वायू किंवा उरलेली वाफ स्फोट घडवते. कीटकनाशकाचे डबे धुऊन घरात वापरणे तर जिवाशी खेळणे आहे. जुन्या मोठ्या टीव्हीची काच फोडू नये, तिच्यात शिसे असते आणि फुटताना तुकडे उडतात.

दारूगोळ्यासारखे, काडतुसासारखे काही दिसले तर पितळेच्या लोभाने उचलू नये. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. ते काम सरकारी देखरेखीत चालू होते, तरी असे झाले. अशी वस्तू दिसली तर जागा सोडून ११२ वर पोलिसांना कळवावे.

पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखे काळे चिन्ह असेल तर ते किरणोत्साराचे. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये एका विद्यापीठाने लिलावात काढलेले यंत्र फोडले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. एक कामगार दगावला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. त्या धातूला वास नव्हता, धूर नव्हता. दवाखाना किंवा प्रयोगशाळेतून आलेले जड, शिशाने मढवलेले यंत्र कितीही स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

जखम, धनुर्वात आणि ढिगाची जागा

गंजामुळे धनुर्वात होतो असे आपण म्हणतो. खरे कारण माती आणि शेणात राहणारे जंतू आहे. गंजका खिळा खोल रुततो आणि ते जंतू आत नेतो. वरून जखम लहान दिसते, पण आत हवा लागत नाही आणि तिथेच ते वाढतात. पत्रा कापला, खिळा रुतला तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे, माती-शेण-तंबाखू लावू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारावे. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकली असेल तर आशाताईंना सांगावे.

भंगाराचा ढीग राहत्या खोलीपासून आणि विहिरीपासून दूर असावा. डबे, टायर, कूलरच्या टाक्या पालथ्या ठेवाव्यात. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास तयार होतो. आपला भाग जंगलाला लागून आहे. ढिगाखाली विंचू आणि मण्यार बसतात, म्हणून ढीग काठीने हलवून मगच हात घालावा. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि घरच्या धुण्यात मिसळू नयेत. लेकरू कडेवर घेण्याआधी हात-तोंड धुवावे आणि कपडे बदलावेत. अंगण कोरडे झाडू नये, पाणी शिंपडून झाडावे.

हा कामगार आहे, कचरा नाही

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात मुख्यतः आपल्याच समाजातल्या, दलित कष्टकरी बाया होत्या. आम्ही कामगार आहोत, शहराचा खर्च आम्ही वाचवतो, हे त्यांनी महापालिकेला पटवले. ओळखपत्र मिळवले, आरोग्य विम्याची सोय करून घेतली. एकट्या बाईला कबाडी भाव सांगतो, दहा बायांना तो भाव विचारतो. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचाही समावेश झाला आहे. नागपूर-गोंदियासारख्या शहरांत राहणाऱ्या आपल्या नातलगांनी नगरपालिकेत जाऊन नोंदणीची चौकशी करावी. गावात बचत गटाने एकत्र माल निवडून एकत्र तोलला, तरी त्याचा फायदा दिसेल.

पुढच्या वेळी पोते भरताना एवढे लक्षात ठेवावे. चुंबकाने निवडायचे, तार सोलायची, बॅटरी अख्खी द्यायची, बंद वस्तू फोडायची नाही, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. आणि या कामात मुलांना बसवायचे नाही, त्यांनी फक्त वजनाचा हिशेब लिहावा.